लाकडाला जागा द्या

॥ श्री ॥

(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थ व देणगीदार यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की दगड, सिमेंट, कळस आणि रंग यांचा हिशेब सर्वांच्या तोंडी असतो. लाकडाचा हिशेब मात्र मागे पडतो. वस्तुतः जुन्या मंदिराचा सांगाडा लाकडाचाच होता. तुळया, खांब, चौकट, देव्हारा, पालखी, चौरंग हे सर्व सुताराच्या हातचे. आता स्लॅब पडला, फरशी आली, तरी लाकडाचे काम संपलेले नाही. काकडआरतीला आणि सप्ताहाला लागणारा अँप्लिफायर, मिक्सर, माइक, कीर्तन सर्वांना दिसावे म्हणून लावायचा टीव्ही, शिवाय पोथ्या आणि देवस्थानाचे दप्तर, एवढे सगळे एका जागी कुलपात राहावे म्हणून भरीव सागवानाचे कपाट करावे, असा विचार पुढे आला आहे. विचार उत्तम आहे. परंतु कपाट करण्याआधी लाकडाचा स्वभाव ओळखणे जरूर आहे, आणि तेवढ्याचसाठी आजचे हे चार शब्द.

पुष्कळ गावांत असे घडते. एखादा दाता श्रद्धेने आपल्या धुऱ्यावरचा साग देतो. समिती घाई करते, कारण सप्ताहाची तारीख ठरलेली असते. सुतार रात्रंदिवस राबून कपाट उभे करतो. पहिला पावसाळा येतो आणि दारे अडतात. पहिला उन्हाळा येतो आणि वरची फळी मधोमध तडकते. मग चावडीवर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, सुताराने फसवले. कोणी म्हणतो, दात्याचे लाकूडच खोटे होते. दोघांचीही इज्जत जाते, आणि खरे पाहता दोघेही निर्दोष असतात. दोष असतो तो लाकडाला हलायला जागा न दिल्याचा.

लाकूड हलते म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आर्द्रा लागल्या की घराचे दार चौकटीला घासते, लाथ मारल्याशिवाय लागत नाही. तेच दार वैशाखात इतके सैल होते की फटीतून अंगणातले ऊन घरात येते. उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक खिळखिळे झाले की जुने लोक ते नाल्याच्या डोहात भिजत घालीत. आरे आणि पाटे फुगत आणि चाक पुन्हा घट्ट होई. पूर्वी दगडाच्या खाणीत सुक्या लाकडाच्या पाचरी भोकांत ठोकून त्यावर पाणी ओतीत, तेव्हा फुगणाऱ्या लाकडाच्या जोराने दगड दुभंगत असे. जे लाकूड दगडाला फोडते, त्याला चार खिळे कसे रोखणार?

याचे कारण असे की लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी आहे. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणावी. पेंढी भिजली तर ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचेही तसेच आहे. हवेत दमटपणा वाढला की या नळ्यांच्या भिंती पाणी शोषतात व फुगतात. हवा कोरडी झाली की पाणी सोडतात व आकसतात. झाड तोडल्यावर आधी नळ्यांच्या पोकळीतले पाणी जाते, तोवर लाकडाच्या मापात फरक पडत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि खरे आकसणे तेथून सुरू होते.

हे आकसणे तिन्ही दिशांना सारखे नसते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओंडक्याच्या तोंडावर जी वर्तुळे दिसतात, त्या वर्तुळांच्या अंगाने सागवान ओल्यापासून अगदी कोरडे होईपर्यंत ५ ते ६ टक्के आकसते. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, त्याच्या निम्मेच. लांबीच्या दिशेने तर इतके कमी की सुताराने ते धरले नाही तरी चालते. म्हणून फळी रुंदीत हलते, लांबीत हलत नाही. हे एकच वाक्य ज्याच्या ध्यानात राहील, त्याचे कपाट तडकणार नाही.

आता आपल्या वाशीम जिल्ह्याची हवा पाहावी. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. जूनअखेर पाऊस बसला की श्रावण-भाद्रपदात पोथीची पाने हाताला ओलसर लागतात. कोकणात हवा बहुतेक वर्षभर दमट असते, तेथे लाकडाला एवढे हेलकावे नाहीत. वऱ्हाडात मात्र तीन-चार महिन्यांत हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. भारतीय मानकांत २८७ क्रमांकाचे जे मानक आहे, त्यात हवेतील दमटपणावरून देशाचे चार विभाग पाडून कोणत्या विभागात कोणत्या कामाचे लाकूड किती सुकवलेले असावे हे दिले आहे, ते याच कारणासाठी. जेथे वापरायचे तेथल्या हवेप्रमाणे लाकूड सुकवावे, हा त्याचा मथितार्थ.

हिशेब सोपा आहे. घरात ठेवलेल्या, पॉलिश केलेल्या सागवानात उन्हाळ्यात ७ टक्के आणि पावसाळ्यात १३ टक्के ओलावा धरला, तर साधी चिरलेली एक फूट रुंद फळी या दोन टोकांमध्ये सुमारे साडेतीन मिलीमीटर हलते. सुताराच्या भाषेत सांगायचे तर दर फुटाला एक सूत. दीड फूट रुंदीच्या कपाटाच्या माथ्याची फळी म्हणजे दीड सूत. तीच फळी गाभ्यातून त्रिज्येच्या अंगाने चिरलेली असेल, म्हणजे तिच्या तोंडावर वलयांच्या रेघा उभ्या दिसत असतील, तर एका सुताच्या आत भागते. म्हणून फळ्या निवडताना तोंडाकडून पाहाव्यात, आणि उभ्या रेघांच्या फळ्या दारांसाठी व माथ्यासाठी राखाव्यात.

दीड सूत म्हणजे काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. परंतु घरोघरचा पाट आठवावा. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात. पाटाची रेषा एकीकडे, पट्टीची दुसरीकडे. पाट रुंदीत आकसू पाहतो आणि पट्टी लांबीत आकसत नाही. त्या पट्ट्या खिळ्यांनी घट्ट ठोकल्या असतील तर पाट बिचारा जाणार कोठे? तो मधोमध उलतो. जुन्या जाणत्या सुताराने मात्र पाटाच्या बुडाला आत रुंद व तोंडाशी अरुंद अशी खाच पाडून पट्टी त्यात नुसती सरकवलेली असते, खिळा नाही. असा पाट आजीच्या लग्नातला असला तरी अखंड असतो. मंदिराच्या कपाटाचे सारे शास्त्र या एका पाटात आले.

आता कपाटाकडे वळू. समजा कपाट सहा फूट लांब, दीड फूट खोल आणि तीन फूट उंच करावयाचे आहे.

पहिली गोष्ट सांगाड्याची. माथ्याची व बुडाची फळी लांबीच्या रेषेत, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या उभ्या रेषेत ठेवाव्यात. असे केले म्हणजे चारही फळ्या पुढून मागे, एकाच दिशेने व सारख्याच मापाने हलतात. त्यांचे कोपरे कबुतराच्या शेपटीसारख्या डवटेल सांध्याने सरस लावून पक्के केले तरी भीती नाही, कारण दोन्ही फळ्या एकमेकींबरोबर चालतात. अरुंद फळ्या कडेला कड लावून चिकटवून रुंद फळी करण्यासही हरकत नाही. वैर असते ते आडव्या-उभ्या रेषांचे.

दुसरी गोष्ट आतल्या पट्ट्यांची. कप्प्याला आधार म्हणून बाजूच्या फळीवर ज्या आडव्या पट्ट्या मारतात, तेथेच बहुतेक कपाटे फसतात. अशी पट्टी पुढच्या टोकाला एका स्क्रूने घट्ट बसवावी. मधल्या आणि मागच्या स्क्रूसाठी पट्टीत गोल भोक न पाडता लांबट भोक पाडावे आणि तेथे सरस लावू नये. फळी हलली की स्क्रू त्या लांबट भोकात मागेपुढे सरकतो, पट्टीही राहते आणि फळीही. माथ्यावर शोभेची वेगळी फळी बसवायची असेल तर तीही अशाच लांबट भोकांतून खालून स्क्रूने धरावी.

तिसरी गोष्ट दारांची. एका अखंड रुंद फळीचे दार कधीही करू नये. ते वाकेल, पिळवटेल आणि कुलूप लागणार नाही. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करावी. उभ्या पट्टीत चौकोनी भोक आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, म्हणजे सुतारांचा साल-कुसवाचा सांधा, येथे सरस लावावा. चौकटीच्या आतल्या कडेला चार सूत खोल खाच पाडून त्यात मधली फळी सैल बसवावी. या फळीला सरसाचा थेंबही लागता कामा नये. फार तर वर आणि खाली बरोबर मध्यभागी एकेक बारीक चूक मारावी, म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी हलेल. खाचेत जागा किती सोडायची हे महिन्यावर अवलंबून आहे. वैशाखात काम केले तर एक फुटाच्या फळीला दोन्ही बाजूंस मिळून सव्वा ते दीड सूत जागा सोडावी, कारण ती पुढे फुगणार आहे. श्रावणात केले तर जागा अगदी थोडी पुरते, पण खाच खोल हवी, नाही तर उन्हाळ्यात फळीची कड खाचेबाहेर डोकावेल. मधल्या फळीला चौकटीत घालण्यापूर्वीच पॉलिश करावे. नंतर केले तर उन्हाळ्यात कडेला पांढरी रेघ उघडी पडते आणि ती भेग आहे असे लोकांना वाटते.

जुन्या वाड्यांची आणि देवळांची दारे पाहिली तर ती अशीच चौकट-फळीची दिसतात. ती नुसत्या नक्षीसाठी तशी केलेली नाहीत. ती लाकडाचा स्वभाव ओळखून केलेली आहेत, नक्षी त्यावर मागाहून आली.

चौथी गोष्ट पाठीची. अँप्लिफायर तासन् तास चालला की गरम होतो. बंद कपाटात ती उष्णता लाकूड एकाच बाजूने सुकवते आणि यंत्रही बिघडवते. यास्तव पाठ बंद न ठेवता जाळीची करावी, किंवा अरुंद फळ्या एकमेकींच्या खाचेत जीभ घालून बसवाव्यात, प्रत्येक फळीला मध्यावर एकच ओळ खिळे मारावेत आणि वर-खाली हवेला वाट ठेवावी. तारा जाण्यासाठीचे भोक फळीच्या टोकाला न पाडता आत चार बोटे सोडून पाडावे, कारण चीर नेहमी टोकापासून धावते.

पाचवी गोष्ट पॉलिशची. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरे, असे काम करू नये. एका अंगाने ओल शिरते, दुसऱ्या अंगाने शिरत नाही, आणि फळी कटोरीसारखी वाकते. जवसाचे तेल असो, लाखेचे पॉलिश असो की हल्लीचे एखादे असो, आतून-बाहेरून सारखे हात द्यावेत. पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंद होते, बंद होत नाही. म्हणून पॉलिश केले की जागा सोडायला नको, हा समज चुकीचा आहे.

येथे कोणी विचारील की एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्लायवुड आणि सनमायका का नको? प्लायवुड वाईट नव्हे. त्यात पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते जवळजवळ हलत नाही. पाठीसाठी किंवा कप्प्यांसाठी ते जरूर वापरावे. पण पाण्याने एकदा त्याचे पापुद्रे सुटले की ते टाकून द्यावे लागते. सागवानाचे कपाट मात्र खोलून, रंधा मारून, नातवाच्या हाताने पुन्हा उभे करता येते. शिवाय दात्याने दिलेले झाड देवाच्या दारी डोळ्यांसमोर राहते, याचेही मोल आहेच.

लाकूड टिकते की नाही याची साक्ष दूर शोधायला नको. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानाच्या आहेत, आणि अजून जागेवर आहेत. डोक्यावर पाऊस नाही, पायाशी ओल नाही, भोवती खेळती हवा, हेच त्यांचे आयुष्य. आपल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात येथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या घराण्यातील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले. त्या लेण्यात छताच्या दगडात लाकडी तुळया असाव्यात तसे काम कोरलेले आहे. दगड कोरणाऱ्यांनीसुद्धा सुताराच्या कामाचा मान राखला तो असा. जिल्ह्यातच कारंजा (लाड) येथे काष्ठासंघाच्या जैन मंदिरातील लाकडावरील कोरीव काम आजही लोक मुद्दाम जाऊन पाहतात. आणि अलीकडचे सांगायचे तर अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निवडले गेले ते आपल्या विदर्भातले. २९ मार्च २०२३ रोजी काष्ठपूजन होऊन बल्लारपूरहून त्याची पहिली खेप रवाना झाली.

तेव्हा विदर्भाचे लाकूड खोटे नाही. खोटी असते ती घाई. ताजा तोडलेला साग कितीही उंची असला तरी लगेच कपाटाला घेऊ नये. ओंडके चिरून फळ्या कराव्यात. फळीफळीमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, जमिनीपासून हातभर उंच, सावलीत पण वाऱ्यात थप्पी लावावी. टोकांना रंग, मेण किंवा शेणमातीचा लेप द्यावा, कारण टोके लवकर सुकतात आणि तेथूनच चिरतात. वर वजन ठेवावे. एक इंच जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष, असा अनुभवाचा दाखला आहे. सुकले की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: त्यातला एक तुकडा दर पंधरवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले. ओलावा मोजण्याचे लहान यंत्रही हल्ली मिळते, मोठ्या वखारीत ते असते.

ज्यांच्या शेतात साग आहे आणि जे तो देवास देऊ इच्छितात, त्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग हा अनुसूचीतील वृक्ष आहे. स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी तो तोडण्यास परवानगी लागते आणि लाकूड वाहून नेण्यास वाहतूक पास लागतो. देवाचे काम आहे म्हणून कागद नको, असे समजू नये. सातबारा जोडून रीतसर अर्ज करावा. कागद पुरा नसेल तर पुण्य करायला गेलेल्या माणसाला पंचनाम्याला सामोरे जावे लागते.

जुन्या सभामंडपातून निघालेल्या तुळया आणि फळ्या हा तर घरचाच खजिना आहे. त्या सरपणात किंवा भंगारवाल्याच्या गाडीत जाऊ देऊ नयेत. इतक्या वर्षांत त्या पुरेपूर सुकलेल्या आहेत. जे आकसायचे ते आकसून झाले, आता फक्त ऋतूचा हेलकावा उरला. वाळवी लागलेला भाग तोडावा, जुने खिळे काढावेत म्हणजे करवतीचे दात वाचतील, आणि त्या पावसात उघड्यावर पडल्या असतील तर पुन्हा सावलीत सुकू द्याव्यात. ज्या तुळईखाली आजोबा-पणजोबांनी हरिपाठ म्हटला, तिचेच कपाट होऊन त्यात पोथ्या राहिल्या, तर याहून चांगला जीर्णोद्धार कोणता?

नवे बांधकाम झाल्याझाल्या कपाट आत आणून ठेवू नये, हेही सांगणे जरूर आहे. स्लॅब आणि प्लॅस्टर यांना जे पाणी पाजलेले असते, ते कित्येक महिने भिंतीतून बाहेर पडत राहते. अशा ओल्या भिंतीला टेकवलेले कपाट पाठीकडून फुगते. भिंत कोरडी झाल्यावरच ते आणावे, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, आणि अभिषेकाचे किंवा फरशी धुतल्याचे पाणी लागू नये म्हणून चार इंच पायांवर उभे करावे.

शेवटी समितीस आणि दात्यांस विनंतीवजा सूचना. एक, सुताराला तारीख देऊ नये, लाकडाला तारीख विचारावी. या वर्षीचा सप्ताह पत्र्याच्या पेटीवर निभावला तर देव रागावणार नाही. दोन, फळीमागे सोडलेली जागा पाहून सुताराला कामचुकार म्हणू नये. ती फट नसून हिशेब आहे. तीन, सालकुसवाचे काम करणारे हात कमी होत चालले आहेत. गावातल्या एका-दोन होतकरू मुलांना या कामावर सुताराच्या हाताखाली बसवावे आणि त्यांची रोजी देवस्थानाने द्यावी. पैशाच्या देणगीइतकीच ही देणगी गावाला उपयोगी पडेल. चार, कपाट झाल्यावर दाराच्या आतल्या अंगास एक कागद चिकटवावा. त्यावर लाकूड कोणाचे, काम कोणाचे, कोणत्या महिन्यात केले आणि जागा किती सूत सोडली हे लिहावे. पुढे पन्नास वर्षांनी ते दुरुस्त करणाऱ्याला त्या कागदाचा उपयोग होईल, आणि दात्याबरोबर कारागिराचेही नाव राहील. देवळाच्या पाटीवर दात्याचे नाव कोरले जाते ते योग्यच आहे. त्याच्याखाली सुताराचेही एक ओळ नाव असावे, अशी ग्रामस्थांनी गोडी दाखवावी.

घरात दहा माणसे नांदतात ती एकमेकांना थोडी जागा सोडून. लाकडाचेही त्याहून वेगळे नाही. दीड सूत जागा सोडली तर झाड तोडल्यावरही शंभर वर्षे देवाच्या सेवेत उभे राहते.

 जीर्णोद्धाराचे उरलेले कार्य सर्वांच्या हातून सिद्धीस जावो.

॥ शुभं भवतु ॥